ज्या मदतीचा उपयोग झाला नाही, तिचेही आभार

सायंतारा (धागाकर्ती)

"कठीण काळातही कृतज्ञ राहा" असं सांगणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. माझ्या आईने हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. ती आभार मानायची, आमच्यासमोर मानायची, आणि तिची त्यामागे एक ठरलेली रीत होती. त्या रीतीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

बाबांची नोकरी गेली आणि पाठोपाठ त्यांचं आजारपण निघालं. घरात आम्ही दोन शाळकरी मुलं. साठवलेलं औषधांत जात होतं आणि नवं यायला वाट नव्हती. अशा वेळी माणसं धावून येतात हे खरं, पण त्यातली बरीचशी मदत फुकट जाते. कोणी नोकरीसाठी शब्द टाकतं, तर तिथली जागा भरलेली असते. कोणी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवतं, आणि ते डॉक्टर पहिल्यांनी सांगितलं तेच सांगतात. कोणी अर्धा दिवस मोडून कर्जाचे कागद भरून देतं आणि अर्ज नामंजूर होतो. मदत करणाऱ्याला पुढे काय झालं ते बहुतेकदा कळतही नाही. विचारायला त्याला अवघड वाटतं, सांगायला आपल्याला.

आई मात्र प्रत्येकाला सांगायची. भेटून किंवा फोनवर. "तुम्ही म्हणालात तिथे हे जाऊन आले. जागा नव्हती. पण तुम्ही आधी बोलून ठेवलं होतंत, म्हणून त्यांनी यांना बसवून घेतलं, सगळं नीट ऐकलं. दारातून परत पाठवलं नाही. यांना फार बरं वाटलं." एवढं पूर्ण सांगायची. नुसतं "आभारी आहे" म्हणून तिचं कधी भागलं नाही.

मी एकदा विचारलं, काम झालंच नाही तर फोन कशाला? ती म्हणाली, "काम होणं त्यांच्या हातात नव्हतं. शब्द टाकणं होतं. तो त्यांनी टाकला."

हे वाक्य माझ्यात इतकं खोल गेलं आहे की आज माझ्या कामाच्या जागीसुद्धा मी माणसांकडे याच नजरेने बघते.

दुसरी गोष्ट. आईने संकटाचे आभार कधी मानले नाहीत. एका नातेवाइकांनी "अशा दिवसांतूनच मुलं घडतात, या दिवसांचेही उपकार माना" असं समजावलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मुलं याच्याशिवायही घडली असती." तिचे आभार माणसांसाठी असायचे. परिस्थिती वाईट होती आणि ती तिला वाईटच म्हणायची. संध्याकाळी बाबांजवळ बसून "आजचा दिवस फार वाईट गेला" असं ती सरळ बोलायची, आणि त्याच बसण्यात त्या दिवशी कोणी काय केलं तेही सांगायची. आम्ही दोन्ही ऐकत मोठे झालो. त्यामुळे आभार मानायचे म्हणजे दुःख गिळायचं, असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

बाबा गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी आई मला घेऊन रुग्णालयात गेली. डॉक्टरांना वाटलं काही तक्रार असेल किंवा एखादा कागद राहिला असेल. त्यांचा चेहरा आधीच सावध झाला होता. आई म्हणाली, "तुम्ही आम्हाला खोटी आशा दाखवली नाहीत. आता फार वेळ नाही, हे वेळेवर सांगितलंत. त्यामुळे मुलांना त्यांच्याशी बोलता आलं. ते सांगायला आले." डॉक्टर उभे होते ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "असं सांगणं सगळ्यात अवघड असतं. लोक त्याबद्दल रागावतात."

वाचवता न आलेल्या माणसाच्या घरचे आभार मानायला येऊ शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. कृतज्ञतेची माझी सगळी समज तिथून सुरू होते. फळ मिळालं म्हणून आभार मानणं सोपं आहे. ज्यांच्या प्रयत्नाला फळ आलं नाही त्यांना न विसरणं, हे आईने कठीण काळात शिकवलं. कदाचित कठीण काळातच शिकवता येतं, कारण चांगल्या दिवसांत प्रयत्न आणि फळ वेगळे दिसतच नाहीत.

तुमच्या आई-वडिलांकडून अशा काळात तुम्ही काय पाहिलंत? मला खरंच ऐकायचं आहे.

---

कोरा कागद

"मुलं याच्याशिवायही घडली असती." हे वाचून थांबलो. आमच्या घरी हे म्हणणारं कोणीतरी हवं होतं.

---

उंबरठा

सायंतारा, लेख मनापासून आवडला. तरी माझा अनुभव उलटा आहे आणि तोही इथे असावा असं वाटतं.

आमच्याकडे वडिलांचा व्यवसाय बुडाला. त्यानंतरची सगळी वर्षं "आम्ही तुमच्यासाठी काय काय सोसलं" याची उजळणी ऐकण्यात गेली. वही घेतली तरी तिच्यामागे त्याग, सहलीला गेलं तरी त्याग. कृतज्ञ राहा, हे रोजचं वाक्य होतं आणि त्याचा अर्थ गप्प राहा असा होता. आज मी चांगली कमावते. पण कोणी माझ्यासाठी काही केलं की पहिल्यांदा पोटात गोळा येतो. हे कसं फेडायचं, कधी फेडायचं, याचाच विचार सुरू होतो. आनंद वाटायच्या आधी ओझं वाटतं.

वडिलांनी सोसलं हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. तुमच्या आईसारखं त्यांना कोणाचे आभार मानताना मात्र मी कधी पाहिलं नाही. मागताना पाहिलं.

---

अर्धविराम

उंबरठा, तुम्ही जे लिहिलंत त्याचा मानसशास्त्रात स्वतंत्र अभ्यास झाला आहे. मी हा विषय शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कृतज्ञता आणि मिंधेपणा या वेगवेगळ्या भावना आहेत. 2006 मध्ये फिलिप वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना काही प्रसंग वाचायला दिले. मदत तीच, फक्त मदत करणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा कमी-जास्त केलेली. अपेक्षा जसजशी वाढत गेली तसतसा मिंधेपणा वाढला आणि कृतज्ञता कमी झाली. म्हणजे "मी तुझ्यासाठी केलं, आता तू जाण ठेव" असं म्हणणारा पालक ज्या गोष्टीची मागणी करतो, तीच आपल्या मागणीने घालवून बसतो.

मिंधेपणात माणूस स्वतःकडे बघत असतो, माझ्यावर किती चढलं म्हणून. कृतज्ञतेत लक्ष समोरच्याकडे असतं, त्याने काय केलं याकडे. सायंताराच्या आईंची वाक्यं परत वाचा, प्रत्येक वाक्याचा कर्ता समोरचा माणूस आहे. तुम्ही बोलून ठेवलंत, तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत.

---

सायंतारा (धागाकर्ती)

उंबरठा, तुमचा प्रतिसाद आला हे फार चांगलं झालं. पोटात गोळा येण्याचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून आईची एक गोष्ट आठवली. आमच्यासाठी तिने काय केलं याचा हिशोब तिने कधी वाचून दाखवला नाही, पण इतरांनी आमच्यासाठी काय केलं ते ती आम्हाला बारकाव्यासकट सांगायची. भावाला ताप होता तेव्हा शेजारच्या आजोबांनी जिने चढवत नसतानाही दोनदा येऊन चौकशी केली, हे तिनेच सांगितलं म्हणून आम्हाला माहीत. स्वतःबद्दल ती बोलली असती तर कदाचित आम्हीही दबून गेलो असतो. तिने सोसलेलं आम्हाला नंतर कळलं, मावशीकडून. तोवर आम्ही मोठे झालो होतो आणि ते ऐकून दडपण आलं नाही, फक्त तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं.

तुमच्या वडिलांनी सोसलेलं खरं आणि तुमच्यावर आलेलं ओझंही खरं. एकासाठी दुसरं खोडावं लागू नये.

---

रातपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. सायंताराच्या आईसारखी माणसं येतात, क्वचित येतात, आणि आमच्या कायमची लक्षात राहतात. म्हणून त्या बाजूने लिहिते.

रुग्ण बरा होऊन गेला की आभार मिळतात, ते छान वाटतात. पण ज्या घरी माणूस गेला त्यांच्याकडे बघायलाही आम्हाला धीर होत नाही. सगळं केलेलं असतं. कूस बदललेली असते, तोंड पुसलेलं असतं, रात्री भ्रम झाला तर हात धरून बसलेलो असतो. पण शेवट तसा झाला की या सगळ्याची कुठे नोंदच उरत नाही. आपणही ते मनातून पुसून टाकतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहता येत नाही.

एकदा एक मुलगा आला. त्याची आई आमच्याच विभागात वारली होती. तो म्हणाला, "तुम्ही तिचे केस विंचरून ठेवायचात. मला आत सोडायचे तेव्हा ती नेहमी नीटनेटकी दिसायची." मी ते करत होते हे माझ्याही लक्षात नव्हतं. त्याने पाहिलं होतं. हे कुठून शिकलास म्हणून मी विचारलं नाही, पण विंचरलेले केस बघायला कोणीतरी शिकवल्याशिवाय दिसत नाहीत असं मला वाटतं. बहुतेक त्या बाईंनीच.

तेव्हा कोणाच्या मनात असेल की "आता जाऊन काय उपयोग, त्यांनाच वाईट वाटेल", तर कृपया जा. जाता आलं नाही तर चार ओळी लिहा. आणि नुसतं "सगळ्या स्टाफचे आभार" लिहू नका, काय केलं ते लिहा.

---

अर्धविराम

रातपाळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पुस्ती जोडतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली, आणि पत्र मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज आधी विचारला. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना अंदाजापेक्षा कितीतरी कमी अवघडलेपणा आणि कितीतरी जास्त आनंद वाटला. लिहिणारे आपले शब्द नीट जमतील का याच्या चिंतेत होते, वाचणाऱ्यांचं लक्ष त्यातल्या आपुलकीकडे होतं. न लिहिलेल्या कित्येक पत्रांचं कारण हेच असावं.

---

पैलतीर

सगळे इतकं चांगलं लिहीत आहेत, आणि मी वेगळ्याच जागी उभा आहे. वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. घरी मी आणि बायको बघतो. ते मला ओळखत नाहीत, कधी कधी घाबरून हात उगारतात. सल्ले देणारे सांगतात की रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहा. मी प्रयत्न केला. समोर कोरं पान आणि मनात फक्त राग. त्यात आणखी अपराधी वाटतं, की एवढंही जमत नाही.

गंमत म्हणजे "जे आहे त्यात समाधान मान" हे मला ज्यांनी शिकवलं ते वडीलच. आता ते शिकवणारे नाहीत आणि शिकवलेलं हाताशी येत नाही. अशा वेळी काय करायचं?

---

रातपाळी

पैलतीर दादा, आधी झोप. तुमची आणि वहिनींची. आठवड्यातून एखादी रात्र तरी दुसऱ्या कोणाला वडिलांजवळ ठेवता येईल का बघा. हात उगारणं त्या आजारात होतं, समोरचा माणूस अनोळखी वाटला की भीती वाटते, त्यातून होतं. ते अचानक वाढलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठे दुखणं, यांनीही असं होतं आणि रुग्णाला ते सांगता येत नाही.

पान कोरं राहू दे.

---

अर्धविराम

पैलतीर, तुम्हाला जमत नाही याचा अपराधीपणा तरी मनातून काढा. या बाबतीत पुरावा काय म्हणतो ते नीट सांगतो, कारण त्याचं फार सवंग रूप सगळीकडे फिरत असतं.

रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांचा 2003 चा अभ्यास यातला सर्वांत प्रसिद्ध. एका गटाने कृतज्ञ वाटावं अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासदायक. त्याच अभ्यासातल्या एका प्रयोगात स्नायू आणि मज्जातंतूंचा विकार असलेली माणसंही होती, म्हणजे खरोखर कठीण काळातली. कृतज्ञतेच्या गटांची मनःस्थिती चांगली राहिली, पण सगळ्या मोजमापांवर फरक दिसला नाही, हे लेखकांनीच नोंदवलं आहे. पुढे 2021 मध्ये अशा 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंतेवर या सरावांचा परिणाम लहानच दिसला, आणि उपचार म्हणून त्यांच्यावर विसंबू नये असं संशोधकांनी म्हटलं. तेव्हा तुमचा राग आणि थकवा खूप दिवस टिकून असेल, तर वही हे त्याचं औषध नव्हे. समुपदेशकाशी किंवा मनोविकारतज्ज्ञांशी बोलणं अधिक योग्य.

आणखी एक. पॉलीन बॉस नावाच्या संशोधिकेने अशा दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला, ज्यात माणूस समोर असतो आणि तरी गेलेला असतो. अशा दुःखाला शेवट नसतो, त्यामुळे शोकही करता येत नाही. ते दुःख आहे असं मान्य होणं हीच पहिली गरज असते. तुम्ही शोकात आहात. शोकातल्या माणसाकडे समाधानाची मागणी करू नये, अगदी स्वतःही.

---

सायंतारा (धागाकर्ती)

पैलतीर, आईलाही हे रोज जमत नव्हतं. काही संध्याकाळी ती बाबांजवळ बसून फक्त "आज काही नको बोलायला" म्हणायची, आणि ते दोघं गप्प बसायचे. आम्हाला त्यातही काही चुकलंय असं वाटलं नाही.

तुमच्या प्रतिसादात एक वाक्य आहे, "घरी मी आणि बायको बघतो." माझ्या आईने ते वाक्य तिथे सोडलं नसतं. वहिनी काय करतात, कुठली वेळ त्या सांभाळतात, कशासाठी त्या उठतात, हे तिने विचारलं असतं. वडिलांच्या आजारात समाधान शोधू नका, ते नसेल तिथे. पण त्यांच्यासाठी तुमच्याबरोबर जागणाऱ्या माणसाला, तिने केलेलं एखादं काम नाव घेऊन सांगणं, हे रागात असतानाही करता येतं. राग तसाच राहतो. निदान आमच्या घरी राहायचा.

---

पैलतीर

ती पहाटेची वेळ सांभाळते. वडील तेव्हाच सगळ्यात अस्वस्थ असतात आणि ती मला उठवत नाही, कारण मला कामावर जायचं असतं. हे मी तिच्याशी कधी बोललो नाही. आज बोलेन. रातपाळी ताई, अस्वस्थता गेल्या काही दिवसांतच वाढली आहे, डॉक्टरांना फोन करतो.

---

साधी रेघ

माझा प्रश्न मुलांच्या बाजूने. माझी नोकरी गेली आहे, मुलगा नऊ वर्षांचा. क्लास बंद केला, त्याच्या मित्राने त्याला स्वतःची जुनी सायकल दिली. मुलगा ती घ्यायला तयार नाही, "मला नवीन हवी होती" म्हणाला. मला रडू आलं आणि रागही. त्याला कृतज्ञता कशी शिकवू? "ज्यांना तेवढंही मिळत नाही त्यांच्याकडे बघ" असं सांगावं का?

---

अर्धविराम

त्या तुलनेने मूल गप्प होतं, शिकत नाही. जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 8 ते 11 वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग तुमच्या उपयोगाचा आहे. वर्गात मुलांना "आभार माना" असं सांगितलं नाही. तीन गोष्टींचा विचार करायला शिकवलं. मदत करणाऱ्याने ती मुद्दाम केली का? त्यासाठी त्याला काय सोडावं लागलं? आणि आपल्याला त्यातून काय मिळालं? एवढ्यानेच मुलांची कृतज्ञता वाढली, आणि त्यांनी आभाराची पत्रंही जास्त लिहिली.

अँड्रिया हसाँग या संशोधिका पालकांना याच वाटेवरचे प्रश्न सुचवतात. काय मिळालं हे लक्षात आलं का, ते का मिळालं असेल, त्याबद्दल आत काय वाटतं, आणि त्यावर काय करावंसं वाटतं. आपण पालक बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवरच थांबतो, "थँक्यू म्हण" एवढंच. आधीच्या तिन्ही पायऱ्या मुलाने मनात चढायच्या असतात, आणि त्या बोलण्यातूनच चढल्या जातात.

---

सायंतारा (धागाकर्ती)

साधी रेघ, नवीन हवी होती हे त्याचं म्हणणं खरं आहे, ते आधी मान्य करा. "हो, मलाही तुला नवीनच द्यायची होती" असं तुम्ही म्हणालात तर त्याला भांडायला काही उरणार नाही. तुमची नोकरी गेली हे त्याला माहीत असेल तर त्याबद्दलही सरळ बोला. मुलांना कळतंच, फक्त विचारायची सोय नसते.

मग सायकलचं बोला. त्या मित्राने ती दिली तेव्हा त्याला ती आवडत होती का? तिच्यावर त्याने काय काय केलं असेल? द्यायची कल्पना त्याची की त्याच्या आईची? उत्तरं तुम्ही देऊ नका. त्याला माहीत नसेल तर म्हणा, मित्रालाच विचार. आणि तरीही त्याला ती चालवायची नसेल तर आत्ता आग्रह धरू नका.

तुमच्या नोकरीसाठी सध्या कोणी शब्द टाकत असेल, कोणी तुमचे कागद पुढे पाठवत असेल, तर त्यांना फोन कराल तेव्हा मुलगा आसपास असू द्या. काम झालं नसलं तरी करा. त्याला मुद्दाम ऐकवायची गरज नाही, तो त्याच खोलीत खेळत असला तरी पुरे. मी अभ्यास करत असायचे आणि आईचे ते फोन मला शब्दन् शब्द पाठ आहेत.

---

साधी रेघ

कालच एकाने माझ्यासाठी दोन ठिकाणी विचारून पाहिलं, दोन्हीकडून नकार आला. त्यांना काय सांगायचं म्हणून मी फोनच टाळत होते. संध्याकाळी मुलगा घरी असतो, तेव्हा करते.